प्रोटॉन कोण देतो आणि कोण घेतो: एकच केएचपी आम्लही आणि आम्लारीही कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. क्वालिटी कंट्रोलच्या प्रयोगशाळेत सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण प्रमाणित करायला, म्हणजे त्याची नेमकी संहती ठरवायला, पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट, म्हणजे रोजच्या बोलण्यातले केएचपी, वापरतात. तिथे ते आम्ल असते. शेजारच्या टेबलावर ग्लेशियल (जवळजवळ निर्जल) ॲसेटिक ॲसिडमधले पर्क्लोरिक ॲसिड प्रमाणित करायलाही त्याच बाटलीतले केएचपी घेतात आणि तिथे ते आम्लारी धरून हिशेब होतो. एक पदार्थ दोन्ही कसा? शिवाय 'पाण्यात हायड्रॉक्साइड देतो तो आम्लारी' ही शाळेतली व्याख्या इथे लावायची तरी कशी, कारण केएचपीत हायड्रॉक्साइड नाहीच?

ती व्याख्या इथे लागत नाही. ती स्वांते अऱ्हेनियसची. १८८४ च्या उप्साला येथील प्रबंधात आणि पुढे १८८७ मध्ये त्याने विचरण, म्हणजे द्रावणात पदार्थाचे आयन सुटे होणे, मांडले, त्यातून ती आली: पाण्यात हायड्रोजन आयन सोडतो तो आम्ल, हायड्रॉक्साइड आयन सोडतो तो आम्लारी. त्या काळासाठी ही फार मोठी झेप होती. पण तिच्यात दोन अडचणी होत्या. एक, सगळा विचार पाण्यापुरता. दुसरी, अमोनियासारखे पदार्थ. अमोनियाच्या रेणूत ऑक्सिजनच नाही, तरी त्याचे पाण्यातले द्रावण आम्लारिधर्मी. ते सांभाळून घ्यायला 'अमोनियम हायड्रॉक्साइड' नावाचा रेणू कल्पावा लागला. बाटलीच्या लेबलवर ते नाव आजही दिसते, पण द्रावणात असतात ते पाण्याने वेढलेले अमोनियाचे रेणू आणि थोडे अमोनियम व हायड्रॉक्साइड आयन.

१९२३ मध्ये कोपनहेगनमध्ये योहानस ब्रॉन्स्टेड आणि इंग्लंडमध्ये थॉमस लाउरी यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे व्याख्या बदलली. प्रोटॉन देतो तो आम्ल, प्रोटॉन घेतो तो आम्लारी. व्याख्येत पाणी नाही, हायड्रॉक्साइड नाही, द्रावकाचे नावही नाही. हायड्रॉक्साइड आम्लारी आहे कारण तो प्रोटॉन घेतो. अमोनियाही घेतो, म्हणून तोही. म्हणून 'केएचपी आम्ल की आम्लारी' हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या द्रावकात आणि कोणासमोर, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

प्रोटॉनलाच एवढे महत्त्व का? हायड्रोजनच्या अणूतून एकुलता एक इलेक्ट्रॉन काढला की उरते ते उघडे केंद्रक. सोडियम आयनाभोवती अजून १० इलेक्ट्रॉनांचे कवच असते, प्रोटॉनभोवती काहीच नाही. अणूचा आकार १० चा उणे १० वा घात मीटर धरला, तर प्रोटॉनचा १० चा उणे १५ वा. इतक्या लहान जागेत एकवटलेला धन प्रभार द्रवात एकटा राहू शकत नाही, समोर जी इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी दिसेल तिला तो चिकटतो. वायुरूप प्रोटॉन पाण्यात येताना मोलमागे सुमारे ११०० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. म्हणून 'आम्लातून प्रोटॉन सुटला' असे नुसते म्हणू नका, तो कोणाकडे गेला ते लगेच पुढे लिहा. पाण्यात तो पाण्याच्या रेणूकडे जातो आणि हायड्रोनियम होतो. तिथूनही तो शेजारच्या रेणूकडे, तिथून पुढच्याकडे असा सरकत राहतो, आणि त्यामुळे त्याची वाहकता सोडियम आयनाच्या सुमारे सातपट भरते. कंडक्टिव्हिटी मीटर लावून आम्ल–आम्लारी टायट्रेशन (माहीत संहतीचे द्रावण, म्हणजे टायट्रंट, किती लागले त्यावरून समोरचा पदार्थ मोजणे) करता येते ते याच फरकावर.

देणे-घेणे म्हटले की जोड्या आल्या. आम्लाने प्रोटॉन दिला की मागे उरतो तो त्याचा संयुग्मी आम्लारी, आणि आम्लारीने घेतला की बनते ते त्याचे संयुग्मी आम्ल. ॲसेटिक ॲसिड आणि ॲसिटेट, अमोनियम आणि अमोनिया, हायड्रोनियम आणि पाणी, पाणी आणि हायड्रॉक्साइड. जोडी ओळखायची कसोटी कडक ठेवा: दोन सदस्यांमध्ये फरक नेमका एका प्रोटॉनचा आणि एका प्रभाराचा हवा. 'कार्बोनिक आम्ल आणि कार्बोनेट' ही जोडी नव्हे, मध्ये बायकार्बोनेट आहे. 'सल्फ्युरिक आम्ल आणि सल्फेट' हीसुद्धा नव्हे. उत्तरपत्रिकांत ही चूक वारंवार दिसते, आणि कामाच्या ठिकाणी हीच चूक बफरच्या (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाच्या) गणितात चुकीचा पीकेए, म्हणजे आम्लाची तीव्रता सांगणारा आकडा, उचलण्याच्या रूपाने पुन्हा येते.

दुसरी चूक जास्त खोल आहे. 'सौम्य आम्लाचा संयुग्मी आम्लारी तीव्र असतो' असे सर्रास सांगितले जाते. ते चूक आहे. पाण्यात २५ अंशांना आम्लाचा पीकेए आणि त्याच्या संयुग्मी आम्लारीचा पीकेबी (आम्लारीसाठीचा तसाच आकडा) यांची बेरीज १४ येते. ॲसेटिक ॲसिडचा पीकेए ४.७६, म्हणून ॲसिटेटचा पीकेबी ९.२४. हा अतिशय सौम्य आम्लारी झाला. ०.१ मोलर सोडियम ॲसिटेटचा पीएच ८.९ च्या आसपास येतो, तितक्याच संहतीच्या सोडियम हायड्रॉक्साइडचा १३ च्या. बरोबर विधान असे आहे की आम्ल जितके सौम्य, तितका त्याचा संयुग्मी आम्लारी जोडीतल्या मोजपट्टीवर वर सरकतो. सौम्य आम्लाचा संयुग्मी आम्लारी बहुतेक वेळा सौम्यच असतो. तरी त्या ८.९ ला किंमत आहे. ॲसेटिक ॲसिडचे सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन करताना समतुल्य बिंदूवर, म्हणजे आम्ल नेमके संपते तिथे, फ्लास्कमध्ये सोडियम ॲसिटेट उरते आणि पीएच ७ च्या वर जातो. म्हणून तिथे ८.२ ते १० या पट्ट्यात रंग बदलणारे फिनॉल्फ्थॅलीन चालते. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ मध्येच बदलून जाते, म्हणजे निम्मे आम्लही संपायच्या आत रंग पालटतो आणि रीडिंग बिनकामाचे होते.

दर्शकही याच व्याख्येत बसतात. ते स्वतः सौम्य आम्ल किंवा आम्लारी असतात आणि प्रोटॉन असताना व नसताना त्यांचे रंग वेगळे असतात. हळदीचा डाग साबण लागताच लालसर होतो तो हळदीतल्या कर्क्युमिनचा प्रोटॉन साबणाच्या आम्लारिधर्मी द्रावणाने काढून घेतल्यामुळे. लिंबू चोळले की प्रोटॉन परत मिळतो आणि पिवळा रंग येतो. दर्शक थेंबभरच घालायचा याचे कारणही हेच. जास्त घातला तर रंग यायला तोच टायट्रंट खाऊ लागतो.

आता मोजपट्टीकडे. पीकेए जितका कमी, तितकी प्रोटॉन देण्याची प्रवृत्ती जास्त. हाताशी ठेवण्यासारखे आकडे, पाण्यातले आणि २५ अंशांचे: हायड्रोजन क्लोराइड उणे ६ च्या आसपास, फॉस्फोरिक ॲसिडची पहिली पायरी २.१५, हायड्रोजन फ्लोराइड ३.१७, बेंझॉइक ४.२०, ॲसेटिक ४.७६, कार्बोनिक आम्लाची पहिली पायरी ६.३५, डायहायड्रोजन फॉस्फेट ७.२०, अमोनियम ९.२५, फिनॉल १०.०, बायकार्बोनेट १०.३३. पाण्याच्या बाहेरचे दोन अंदाजी आकडे: ॲसिटिलीन २५, अमोनिया स्वतः आम्ल म्हणून ३८.

देवघेव कुठल्या बाजूला झुकेल ते ठरवायची रीत सोपी आहे. डावीकडचे आम्ल कोणते आणि उजवीकडे तयार होणारे आम्ल कोणते ते ओळखा. उजवीकडच्याच्या पीकेएतून डावीकडच्याचा वजा करा. जो आकडा येईल तो १० चा घात म्हणजे समतोल स्थिरांक. बी.एस्सी.च्या सेंद्रिय प्रात्यक्षिकात मिश्रण वेगळे करताना सोडियम बायकार्बोनेट का वापरतात, ते यातून कळते. बेंझॉइक ॲसिड बायकार्बोनेटला प्रोटॉन देते आणि कार्बोनिक आम्ल तयार होते: ६.३५ वजा ४.२० म्हणजे २.१५, स्थिरांक सुमारे १४०. शिवाय कार्बन डायऑक्साइड फसफसून निघून जातो, त्यामुळे अभिक्रिया पूर्णत्वाला जाते. फिनॉलसाठी ६.३५ वजा १० म्हणजे उणे ३.६५. फिनॉल बायकार्बोनेटमध्ये विरघळत नाही, त्याला सोडियम हायड्रॉक्साइडच लागते. दोन घन पदार्थांच्या मिश्रणातून आधी बायकार्बोनेटने आम्ल काढायचे, मग हायड्रॉक्साइडने फिनॉल, हा क्रम इथून आला. सुरुवातीलाच हायड्रॉक्साइड घातले तर दोन्ही पाण्याच्या थरात जातात आणि वेगळे करायची सोय संपते. एक अपवाद लक्षात असू द्या: नायट्रो गटांमुळे पिक्रिक ॲसिडचा पीकेए ०.४ च्या आसपास उतरतो, त्यामुळे रचनेने फिनॉल असूनही ते बायकार्बोनेटला फेस आणते.

या आकड्यांत एक घोटाळा पुस्तकांनीच करून ठेवला आहे. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या बऱ्याच पुस्तकांत पाण्याचा पीकेए १५.७ आणि हायड्रोनियमचा उणे १.७ देतात, भौतिक रसायनशास्त्राची पुस्तके १४.० आणि ० देतात. फरक येतो तो पाण्याची ५५.५ मोलर संहती सूत्रात घातली की नाही यावरून. माझ्या मते १४.० आणि ० हेच धरावेत, कारण द्रावकाची क्रियाशीलता १ धरूनच बाकी सगळ्या पीकेएंची मोजणी झालेली असते. दुसरी पद्धत हवीच असेल तर दोन्ही आकडे त्याच पद्धतीचे घ्या. एक इकडचा आणि एक तिकडचा घेतला की स्थिरांकात पन्नासपटीहून जास्त चूक शिरते. आणि १४ हा आकडाही २५ अंशांपुरताच. ६० अंशांना तो १३.० च्या जवळ येतो, म्हणजे त्या तापमानाच्या शुद्ध, उदासीन पाण्याचा पीएच ६.५. गरम पाण्याचा पीएच ७ खाली दिसला म्हणून ते आम्लधर्मी झाले असे नाही, हायड्रोनियम आणि हायड्रॉक्साइड तिथे सारखेच आहेत.

आता द्रावकाकडे. केएचपीचे कोडे इथेच सुटते.

पाण्यात हायड्रोनियमपेक्षा तीव्र आम्ल टिकत नाही. पर्क्लोरिक, हायड्रोब्रोमिक, हायड्रोक्लोरिक, नायट्रिक ही सगळी पाण्यात आपला प्रोटॉन जवळजवळ पूर्ण पाण्याला देऊन टाकतात आणि मागे उरतो तो एकच हायड्रोनियम. त्यांच्यातला फरक पाणी पुसून टाकते. सातवीच्या मुलाला तिसरीचा पेपर दिला आणि नववीच्याला तोच दिला, तर दोघांनाही पैकीच्या पैकी पडतील आणि कोण सरस ते कळणार नाही, तसेच हे. फरक पाहायचा तर प्रोटॉन घ्यायला पाण्यापेक्षा नाखूश असलेला द्रावक हवा. ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड तसा आहे. त्यात पर्क्लोरिक सर्वांत तीव्र ठरते, मग हायड्रोब्रोमिक, सल्फ्युरिक, हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक असा उतरता क्रम लागतो. टायट्रंट म्हणून पर्क्लोरिकच का, याचे उत्तर या क्रमात आहे.

आम्लारींच्या बाजूला हेच उलटे. पाण्यात हायड्रॉक्साइडपेक्षा तीव्र आम्लारी टिकत नाही. ॲसिटिलीनचा प्रोटॉन काढायला सोडियम अमाइड लागते. ते पाण्यात टाकले तर पाण्याचाच प्रोटॉन काढून जोरात पेटण्याइतकी उष्णता देते आणि हातात फक्त सोडियम हायड्रॉक्साइड उरते. म्हणून ते काम द्रव अमोनियात करतात. तिथे अमोनियम क्लोराइड आम्ल असते आणि पोटॅशियम अमाइड आम्लारी. पाण्यात हायड्रोनियम आणि हायड्रॉक्साइड यांच्यात घडणारे उदासिनीकरण तिथे या दोघांच्या आयनांमध्ये घडते.

ॲसेटिक ॲसिडमध्ये अमोनिया, ॲनिलीन, पिरिडीन, सोडियम ॲसिटेट असे पाण्यात सौम्य भासणारे आम्लारी तीव्र होतात, कारण प्रोटॉन द्यायला तयार असलेला द्रावक त्यांच्याभोवती सगळीकडे आहे. ॲनिलीनच्या संयुग्मी आम्लाचा पीकेए पाण्यात ४.६. पाण्यात त्याचे टायट्रेशन केले तर वक्रात समतुल्य बिंदूजवळची उडी नीट दिसत नाही, ॲसेटिक ॲसिडमध्ये ती ठसठशीत येते. औषधांत ॲमाइन गट इतके असतात की औषधकोशांतल्या कितीतरी चाचण्या या पद्धतीवर उभ्या आहेत.

आता केएचपी. थॅलिक ॲसिडला दोन प्रोटॉन असतात, पीकेए २.९५ आणि ५.४१. केएचपीत पहिला गेलेला आहे, दुसरा शिल्लक. पाण्यात हायड्रॉक्साइडसमोर हायड्रोजन थॅलेट दुसरा प्रोटॉन देते: १४ वजा ५.४ म्हणजे ८.६, समतोल पूर्ण झुकलेला. ॲसेटिक ॲसिडमध्ये पर्क्लोरिक आले की तिथला प्रोटॉन घेतलेला ॲसेटिक ॲसिडचा आयन आपला प्रोटॉन हायड्रोजन थॅलेटला देतो आणि थॅलिक ॲसिड बनते. पहिल्या प्रसंगी गेलेला तो दुसरा प्रोटॉन, दुसऱ्या प्रसंगी परत आलेला तो पहिला. दोन्हींकडे रेणूमागे देवघेव एकेका प्रोटॉनचीच, म्हणून दोन्हींकडे सममूल्य भार (एक मोल प्रोटॉनांच्या देवघेवीला लागणारे ग्रॅम) २०४.२२ आणि ०.१ नॉर्मलच्या १ मिलिलिटरमागे ०.०२०४२ ग्रॅम.

पाण्यातले प्रमाणीकरण असे करावे. केएचपी ११० ते १२० अंशांना दोन तास वाळवून डेसिकेटरमध्ये थंड करा. ०.५ ग्रॅमच्या आसपास चार दशांश स्थळांपर्यंत तोला, उकळून थंड केलेल्या ७५ मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळवा, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब घाला. ०.१ नॉर्मल द्रावण सुमारे २४.५ मिलिलिटर लागेल. पाणी उकळायचे ते विरघळलेला कार्बन डायऑक्साइड घालवायला. हवेशी समतोलात असलेल्या शुद्ध पाण्याचा पीएच ५.६ च्या आसपास असतो आणि ते आम्लही तुमचे हायड्रॉक्साइड खाते. गुलाबी रंग येऊन अर्ध्या मिनिटात फिका पडला तर बहुधा हवेतला कार्बन डायऑक्साइडच आत आला आहे. रंग ३० सेकंद टिकला की थांबा, त्याच्या मागे लागून आणखी थेंब टाकत बसू नका. हायड्रॉक्साइडचे द्रावण जुने असेल तर त्यात कार्बोनेट साठलेला असतो आणि फिनॉल्फ्थॅलीनला तो अर्धाच मोजला जातो. त्यामुळे तीच बाटली वेगवेगळ्या दर्शकांना वेगवेगळी नॉर्मॅलिटी दाखवते.

ॲसेटिक ॲसिडमधले काम जास्त काळजीचे. १ लिटर ०.१ नॉर्मलसाठी सुमारे ९०० मिलिलिटर ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड घ्या, ढवळत ७० टक्के पर्क्लोरिक ॲसिड ८.५ मिलिलिटर हळूहळू मिसळा, थंड होऊ द्या. मग ॲसेटिक अनहायड्राइड २५ ते ३० मिलिलिटर थोडे थोडे घाला, थंड ठेवा, ॲसेटिक ॲसिडने खुणेपर्यंत आणा आणि २४ तास ठेवून द्या. क्रम कधीही उलटा करू नका. संहत पर्क्लोरिकमध्ये अनहायड्राइड थेट ओतणे स्फोटक आहे. सांडलेले पर्क्लोरिक लाकडी टेबलावर किंवा टिश्यू पेपरवर वाळू देऊ नका, भरपूर पाण्याने धुवा.

अनहायड्राइड कशासाठी? ८.५ मिलिलिटर पर्क्लोरिकबरोबर सव्वाचार ग्रॅम पाणी येते. पाणी इथे आम्लारी आहे, ते नमुन्याशी प्रोटॉनसाठी स्पर्धा करते आणि शेवटचा बिंदू पसरट होतो. तेवढे पाणी मारायला हिशेबाने २२ ते २३ मिलिलिटर अनहायड्राइड पुरते, बाकीचे ॲसेटिक ॲसिडातल्या ओलाव्यासाठी. पण हात सैल सोडून जास्त घालू नका. उरलेले अनहायड्राइड प्राथमिक आणि द्वितीयक ॲमाइनांचे ॲसिटिलेशन करते. मग नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉनांची जोडी प्रोटॉन घ्यायला मोकळी राहत नाही आणि ॲसे, म्हणजे नमुन्यातल्या पदार्थाचे मोजलेले प्रमाण, टक्केवारीत कमी येते. एखाद्या द्वितीयक ॲमाइनचा निकाल नव्या टायट्रंटने अचानक खाली गेला, तर आधी टायट्रंटमधले पाणी कार्ल फिशर पद्धतीने (पाणी मोजण्याची रीत) तपासा. ते शून्याला टेकले असेल तर संशय अनहायड्राइडवर घ्या. ०.०२ ते ०.०५ टक्के पाणी राहिलेले बरे.

प्रमाणीकरणाला ०.३५ ग्रॅम केएचपी ५० मिलिलिटर ॲसेटिक ॲसिडमध्ये किंचित गरम करून विरघळवा, थंड करा, क्रिस्टल व्हायोलेटचे दोन थेंब घाला. जांभळा, निळा, निळसर हिरवा असा प्रवास होतो, पाचूसारख्या हिरव्यावर थांबा. पिवळा म्हणजे पुढे गेलात. सुमारे १७ मिलिलिटर लागतील. ब्लँक, म्हणजे केएचपीविना केलेले तेच टायट्रेशन, अवश्य घ्या. टायट्रेशन चालू असताना फ्लास्कमध्ये पांढरी गढूळता येते, ती पोटॅशियम पर्क्लोरेटची असते आणि तिने निकाल बिघडत नाही. हेच पोटॅशियम पर्क्लोरेट इलेक्ट्रोडच्या जंक्शनमध्ये तयार झाले तर मात्र ते बुजते आणि मीटर भरकटू लागतो. म्हणून पोटेन्शिओमेट्रीसाठी (दर्शकाऐवजी इलेक्ट्रोडच्या व्होल्टेजवरून शेवटचा बिंदू पाहताना) इलेक्ट्रोडमध्ये पाण्यातले पोटॅशियम क्लोराइड ठेवू नका, इथेनॉलमधले किंवा ॲसेटिक ॲसिडमधले लिथियम क्लोराइड भरा.

तापमानाची दुरुस्तीही इथे टाळता येत नाही. ॲसेटिक ॲसिड अंशामागे ०.००११ पटीने प्रसरण पावते. सकाळी २२ अंशांना प्रमाणित केलेले द्रावण दुपारी २७ अंशांना वापरले तर २५ मिलिलिटरच्या रीडिंगमध्ये जवळपास ०.१४ मिलिलिटरचा फरक पडतो. ॲसेच्या कडक मर्यादांत तेवढ्याने बॅच वादात येऊ शकते. आणि १६.६ अंशांखाली ॲसेटिक ॲसिड गोठते, रात्रभर एसी चालू असलेल्या खोलीत बाटलीत खडे दिसले तर घाबरू नका, पण पूर्ण वितळून हलवल्याशिवाय वापरू नका.

एक इशारा. पाण्यातले पीकेए ॲसेटिक ॲसिडमध्ये उचलून नेऊ नका. तिथला परावैद्युतांक (विरुद्ध प्रभारांना वेगळे ठेवण्याची द्रावकाची क्षमता दाखवणारा आकडा) ६ च्या आसपास, पाण्याचा ७८. आयन सुटे होत नाहीत, जोड्यांनी राहतात, आणि पर्क्लोरिकसुद्धा पूर्ण विचरित होत नाही. प्रोटॉनचे हस्तांतरण आणि आयन सुटे होणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पाण्यात त्या एकत्रच दिसतात, म्हणून त्यांची गल्लत होते.

ॲमाइनांच्या हायड्रोक्लोराइडांचे काय, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. तिथे ॲमाइनने प्रोटॉन आधीच घेतलेला आहे आणि क्लोराइड ॲसेटिक ॲसिडमध्येही फार सौम्य आम्लारी असल्याने उडी धड येत नाही. जुनी रीत मर्क्युरिक ॲसिटेट घालण्याची. क्लोराइड पाऱ्याशी बांधला जातो, मोबदल्यात ॲसिटेट सुटतो, आणि ॲसिटेट हा त्या द्रावकातला सर्वांत तीव्र आम्लारी असल्याने पर्क्लोरिकने नेमका मोजता येतो. पारा टाळायचा असेल, आणि टाळावाच, तर उलट्या बाजूने जा. नमुना ५० मिलिलिटर इथेनॉल आणि ५ मिलिलिटर ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळवून ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने पोटेन्शिओमेट्रिक टायट्रेशन करा. पहिली उडी जास्तीच्या हायड्रोक्लोरिकची, दुसरी ॲमाइनच्या धनायनाची. दोन उड्यांमधले आकारमान घ्या. इथे तोच पदार्थ तुम्ही आम्ल म्हणून मोजता.

बफरबद्दल एवढेच, कारण पीकेए आंधळेपणाने वापरण्याचे सर्वाधिक नुकसान तिथे होते. ०.१ मोलर पोटॅशियम फॉस्फेट बफर पीएच ७.४ ला हवा आहे. ७.२ हा पीकेए घेऊन पीएच आणि आम्लारी-आम्लाचे प्रमाण जोडणारे हेंडरसन–हॅसलबाल्क सूत्र लावले तर आम्लारी आणि आम्ल यांचे प्रमाण १.५८ येते, म्हणजे १०० भागांत ६१ आणि ३९. तसा केलेला बफर मीटरवर ७.० दाखवतो, आणि दोष मीटरला दिला जातो. दोष मीटरचा नाही. ७.२ हा अतिशय विरल द्रावणाचा आकडा आहे. ०.१ मोलरला भोवतीचे आयन दोन ऋण प्रभारांच्या हायड्रोजन फॉस्फेटला जास्त स्थैर्य देतात आणि प्रत्यक्षातला पीकेए ६.८ होतो. खरे प्रमाण जवळजवळ ४: १ लिटरला डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट १३.९७ ग्रॅम आणि पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट २.६९ ग्रॅम, दोन्ही निर्जल. याच कारणाने दहापट संहत फॉस्फेट सलाइनचा पीएच ६.८ च्या जवळपास दिसतो आणि विरल केल्यावर ७.४ कडे चढतो. साठ्यातच हायड्रॉक्साइड घालून ७.४ करून ठेवला की विरल केल्यावर तो वर निघून जातो. ट्रिस या ॲमाइनच्या बफरचे दुखणे निराळे. त्याचा पीकेए अंशामागे ०.०२८ ने घटतो. २५ अंशांना ८.० ला लावलेला ट्रिस बफर ४ अंशांच्या कोल्ड रूममध्ये ८.६ ला जातो. वापरणार त्या तापमानालाच पीएच लावा.

ही व्याख्या कुठे थांबते तेही सांगायला हवे. तुरटीचे पाणी आंबट लागते, पण तुरटीच्या सूत्रात आम्लाचा हायड्रोजन कुठे दिसत नाही. ॲल्युमिनियम आयनाभोवती पाण्याचे सहा रेणू बांधलेले असतात, धन प्रभार त्यांचे इलेक्ट्रॉन ओढतो आणि त्यांच्यातला एक प्रोटॉन सैल होतो, पीकेए ५ च्या आसपास, ॲसेटिक ॲसिडच्या तोडीचा. फेरिक आयनासाठी तो २.२ येतो. म्हणून फेरिक क्लोराइडचे द्रावण साध्या पाण्यात केले की तपकिरी गढूळ होते आणि थोडे हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून केले की स्वच्छ राहते. इथवर ब्रॉन्स्टेड पुरतो. बोरॉन ट्रायफ्लुओराइड आणि अमोनिया यांच्या जोडणीत मात्र प्रोटॉनची देवघेवच नाही. तिथे गिल्बर्ट ल्युइसची, त्याच १९२३ सालची, इलेक्ट्रॉन जोडीची व्याख्या लागते.

बोरिक ॲसिड या दोन्हींच्या सीमेवर आहे आणि टायट्रेशनमध्ये फसवते. ते स्वतःचा प्रोटॉन देत नाही. बोरॉन पाण्यातला हायड्रॉक्साइड स्वतःला जोडून घेतो आणि पाण्याचा प्रोटॉन सुटतो. त्याचा पीकेए ९.२४, त्यामुळे फिनॉल्फ्थॅलीनला शेवटचा बिंदू नुसता रेंगाळतो. १ ग्रॅम बोरिक ॲसिडसाठी १०० मिलिलिटर पाण्यात १५ ग्रॅम मॅनिटॉल घाला, गरम करून विरघळवा, थंड करा. मॅनिटॉलचे शेजारशेजारचे हायड्रॉक्सिल गट बोरेटला पकडून ठेवतात आणि परिणामी पीकेए ५ च्या जवळ उतरतो. १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सुमारे १६.२ मिलिलिटर लागेल, दर मिलिलिटरमागे ०.०६१८ ग्रॅम. गुलाबी रंग आल्यावर चिमूटभर मॅनिटॉल आणखी घाला. रंग गेला तर मॅनिटॉल कमी पडले होते, हायड्रॉक्साइड पुन्हा सोडा आणि मॅनिटॉल घालूनही गुलाबी रंग कायम राहीपर्यंत हेच करत जा.